टँकरच्या पुस्तकातलं एक वाक्य

सई, निनाद — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही, आणि ते शेवटपर्यंत रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा घेत होते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, मला ठाऊक आहे. तरी स्वतःच वाचा. आईला वाचून दाखवायला सांगू नका. का, ते पुढे कळेल.

मागच्या रविवारी सईने फोनवर विचारलं होतं. शाळेत वादविवाद आहे — कायद्याने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळू शकतील अशा गाड्या मुळात बनवाव्यातच का? मी नेहमीसारखे क्रमाने मुद्दे दिले. बनवू नयेत, असं सांगितलं. सई म्हणाली, "पण आजी, चांगला ड्रायव्हर स्वतःला आवरतोच ना?" मी काहीतरी उत्तर दिलं. ती म्हणाली, तू किती नीट समजावून सांगतेस. फोन ठेवला आणि मी हे लिहायला बसले. नीट समजावून सांगणं — माझी सगळी पत त्यावरच तर उभी आहे.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि लग्न करून नेकनूरजवळच्या या गावात आले. इंग्रजी वाचणारी बाई आसपास दुसरी नव्हती. कुणाच्या औषधाची चिठ्ठी, कुणाच्या मोटारपंपाचं पुस्तक — सगळं माझ्याकडे यायचं. पुढे गावात दूध सोसायटी निघाली आणि मला सचिव केलं. फायली जागच्या जागी, ठराव स्वच्छ अक्षरात. बाईंनी सांगितलं म्हणजे झालं, असं लोक म्हणायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

सोसायटीचा ड्रायव्हर निवृत्ती. आधी तो आणि त्याची बायको कौसल्या दरवर्षी ऊसतोडीला जायचे. आपल्याकडे टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. निवृत्तीला गाडीवर घेतलं आणि त्यांचा कोयता सुटला. लेक सुमन एका जागी राहून शाळेत जाऊ लागली. निवृत्ती अतिशय जपून गाडी चालवायचा. पोरं चिडवायची, "निवृत्तीमामा, बैल पुढं गेला बगा!" तो म्हणायचा, "जाऊ द्या. बैलाला लई घाई हाय, मला न्हाई."

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. जनावरं छावणीत गेली, दूध आटलं, दुधाचा टँकर रिकामा उभा राहिला. आम्ही तो धुऊन पाण्यावर लावला. तीन वस्त्यांना रोज एकेक खेप द्यायची असं ठरलं. गाडी नवीन होती आणि तिचा वेग कंपनीनेच बांधून दिलेला — डिझेल पंपावर एक स्क्रू, त्यावर शिशाचं सील. अवजड गाडीला कायद्याने जेवढी मुभा, तेवढंच ती पळणार. भरायच्या ठिकाणी रांगेत वेळ जायचा, आणि तो रस्त्यावर भरून काढायला गाडी पळत नव्हती. दोन खेपा व्हायच्या, तिसरी राहायची.

तिसरी वस्ती तहानलेली होती, हे खरं. पण तुम्हाला अर्धं खरं सांगून मी थांबणार नाही. शेजारच्या गावच्या पुढाऱ्याचा टँकर तीन खेपा करायचा. आणि मी भर सभेत उभी राहून म्हटलं होतं — आमची सोसायटीही तीनच करील. शब्द माझा होता. तो खाली पडत होता, रोज, सगळ्यांच्या देखत. तहान मोठी की माझा शब्द — तेव्हा मला नक्की काय बोचत होतं? मला माहीत आहे. म्हणून तर लिहिते आहे.

सील काढून वेग वाढवायचा, असं मी सोसायटीच्या बैठकीत सगळ्यांकडून ठरवून घेतलं आणि एका सकाळी रहीम मिस्त्रींना बोलावलं. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक कपाटातून काढलं. मिस्त्री म्हणाले, "बाई, मैं हाथ का कारीगर, किताब का नहीं. तुम्ही वाचा, मी करतो." ते बोनेटमध्ये डोकं घालून उभे, निवृत्ती पाना धरून शेजारी, आणि मी सावलीत खुर्चीवर. मी एकेक ओळ वाचत होते आणि मराठीत सांगत होते. हा स्क्रू कोणता, तो कंपनीत कसा बसवला, कोणत्या दिशेने फिरवला की वेग वाढतो.

त्याच पानावर, खालच्या बाजूला, चौकटीत एक वाक्य होतं. या गाडीचे ब्रेक याच वेगाचा विचार करून बसवले आहेत, आणि टाकी अर्धवट भरलेली असेल तर आतलं पाणी वळणावर गाडीला ढकलतं, म्हणून सील तोडू नये.

मी ते वाचलं — मनात. एकदा नाही, दोनदा. मग मान वर केली. निवृत्ती माझ्याकडे बघत होता. त्याने विचारलं, "आजून काय लिव्हलंय, बाई?"

मी म्हटलं, "बास. एवढंच."

डोळा चुकला असं नव्हतं. शब्द अवघड होता असंही नव्हतं. हे वाक्य ऐकलं तर निवृत्ती स्टिअरिंगला हात लावणार नाही, हे मला पक्कं कळत होतं. म्हणूनच मी ते गाळलं.

बारा दिवस तीन खेपा झाल्या. लोकांनी सभेत माझं नाव घेतलं. तेराव्या दिवशी पहिल्या वस्तीची टाकी निम्म्या पाण्यातच भरली, उरलेलं घेऊन तो पुढे निघाला आणि नाल्याजवळच्या वळणावर टँकर उलटला. रस्त्यात दुसरं कुणी नव्हतं. निवृत्तीचा उजवा पाय केबिनखाली सापडला. गुडघ्याखाली काढावा लागला.

चौकशीला साहेब आले. सील काढायचं सोसायटीने मिळून ठरवलं होतं, त्यामुळे तो ठपका सगळ्यांवर थोडा थोडा बसला, म्हणजे कुणावरच नाही. पण साहेबांना इंग्रजी येत होतं. त्यांनी पुस्तक मागवलं, ते पान काढलं, ती चौकट मोठ्याने वाचली आणि मराठीत अर्थ सांगितला. मग मला विचारलं — हे ड्रायव्हरला माहीत होतं?

मी म्हणाले, "हो. मी पूर्ण पान वाचून दाखवलं होतं."

रहीम मिस्त्री माझ्यासमोर बसले होते. मला वाटलं, आता हे उठतील. ते डोकं खाजवत म्हणाले, "बोले होंगे बाई. मेरा सर इंजन में था, सुना नहीं मैंने." आणि निवृत्ती — बाकावर, कुबडी शेजारी टेकवून — तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. आठवायचा प्रयत्न करत. मग मान खाली घालून म्हणाला, "बाईनी वाचलंच आसंल. माजंच ध्यान नसंल."

तो खोटं बोलत नव्हता, पोरांनो. त्याला खरोखरच तसं वाटलं. स्वतःच्या कानांपेक्षा त्याचा माझ्यावर जास्त विश्वास होता.

माहीत असून बेदरकारपणे गाडी हाकली, असा शेरा पडला. लायसन गेलं, नोकरी गेली. त्या दिवाळीनंतर कौसल्या पुन्हा ऊसतोडीला निघाली. कोयत्याला जोडी लागते आणि नवरा एका पायाचा. म्हणून सुमनचं नाव सातवीतून काढलं. शाळेच्या दाखल्याचा अर्ज मीच लिहून दिला. स्वच्छ अक्षरात.

सई, तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर देते. ती गाडी मुळातच मोकळी असती तर मला सील तोडावं लागलंच नसतं. अपघात कदाचित तसाच झाला असता, दोष निवृत्तीचाच ठरला असता, आणि मी आजही स्वतःला निर्दोष समजत बसले असते. वेग बांधलेला होता, म्हणून तरी मला कळलं मी काय आहे ते. चांगला ड्रायव्हर स्वतःला आवरतो, हे तुझं बरोबर आहे. निवृत्ती आवरत होता. पण त्याच्यामागे खुर्चीवर बसून खेपा मोजणाऱ्या माणसाला कोण आवरणार? गाड्या बांधलेल्याच असाव्यात. आणि ती गाठ माझ्यासारख्या शहाण्या माणसाच्या हाताला लागू नये. हे तुला वादविवादात बोलायचं तर बोल, नाहीतर राहू दे.

निवृत्ती गेल्या थंडीत वारला. मी भेटायला गेले. इतकी वर्षं तो रस्त्यात दिसला की कुबडीवर थांबून मला नमस्कार करायचा आणि मी झपाझप पाय उचलून पुढे जायचे. कौसल्याने मला घोंगडीवर बसवलं, पाणी दिलं. सुमन आली होती. तिचे हात बघवत नव्हते. कौसल्या म्हणाली, "तुमचं लई नाव काडायचे बाई. नातवंडांना सांगायचे — शिकल्यालं माणूस वाचून दाखवतंय तवा कान देऊन ऐकावं. म्या ऐकलं न्हाई, म्हून माजा पाय गेला."

मी पाणी प्यायले. भांडं खाली ठेवलं. "चांगला माणूस होता," असं म्हणाले, आणि घरी आले.