पाणीबंद सिस्टर

हमरस्त्यावरच्या जीपवाल्यांनी पौर्णिमा सरवदेचं नाव ‘पाणीबंद सिस्टर’ ठेवलं होतं आणि ते तिच्या कानावर कधीच गेलं होतं. तिला त्याचा राग येत नसे. एखादा नवा ड्रायव्हर ते नाव तिच्या तोंडावर बोलून जीभ चावायचा, तेव्हा ती म्हणायची, “नाव पाठ झालं ना? मग पाणीही पाठ ठेव.”

रस्त्यालगतच्या दवाखान्यातल्या अपघात विभागाचा सगळा कारभार तिच्याकडे. कुठली अॅम्ब्युलन्स कुठल्या फाट्यावर उभी करायची, ऑक्सिजनचं सिलिंडर कधी भरून येणार, रक्ताची पिशवी धाराशिवहून निघाली की नुसतीच ‘निघतेय’, भरल्या ताटावरून सर्जनसाहेबांना कोणी उठवायचं, हे सगळं तिनं बघायचं. कागदावर ती समन्वयक होती. खरं सांगायचं तर जे काम कुणाचंच नाही ते तिचं, थोरल्या सुनेचं असतं तसं. बोलणंही तसंच तुटक. कुणी लांबण लावली की ती हात वर करायची, “एका वाक्यात सांगा.” दवाखान्यात त्यामुळे माणसं वाचली असतील, नाही असं नाही. पण घरीही ती तशीच बोलायची.

दर महिन्याला ती एखाद्या फाट्यावर जाऊन चहावाले, जीपवाले, पंक्चरवाले, धाब्यावरची पोरं अशी माणसं गोळा करायची. अपघात झाला की डॉक्टर सगळ्यांत शेवटी पोचतो, ही माणसं आधी पोचतात, हे तिनं पुरतं ओळखलं होतं. ती शिकवायची ते थोडंच: जखमीला उठवून बसवायचं नाही, रक्त वाहतंय तिथं फडकं गच्च दाबून धरायचं, आणि पाणी पाजायचं नाही.

पहिल्या दोन गोष्टी माणसं मुकाट ऐकून घ्यायची. पाण्याचं नाव काढलं की चुळबुळ सुरू. आपल्याकडे दारात परका माणूस आला तरी आधी पाण्याचा तांब्या पुढं करतात, मग कुठून आलात ते विचारतात. इथं माणूस रस्त्यावर तळमळतोय, पाणी मागतोय आणि आपण नाही म्हणायचं? पौर्णिमा सांगायची, पोटाला मार असला तर ऑपरेशन करावं लागतं, पोट भरलेलं चालत नाही. शुद्ध हरपत असली तर तेच पाणी श्वासात जातं आणि माणूस गुदमरतो. सर्जनसाहेबांनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली होती. अगदीच जीव कासावीस झाला तर ओलं फडकं ओठांना लावायला हरकत नाही. ते वाक्य तिनं आपल्या शिकवण्यातून काढून टाकलं. ओठ ओले करा म्हटलं की आपली माणसं तांब्या रिकामा करतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. “एक थेंबही नाही,” एवढंच ती सांगायची आणि सगळ्यांकडून एका सुरात म्हणवून घ्यायची.

हे तिनं काही पुस्तकातून उचललेलं नव्हतं. ती सास्तूरची. भूकंपाच्या पहाटे ती लहान होती. दगडमातीखालून तिच्या आजीला ओढून काढलं, तेव्हा म्हातारी जिवंत होती, डोळे फिरवून बघत होती. कुणीतरी मायेनंच तिच्या तोंडात तांब्या रिता केला. आजीला ठसका लागला आणि त्या ठसक्यातच ती गेली. पाणी पाजणारा माणूस पुढं कितीतरी वेळ तिथंच बसून रडत होता, निदान मी तिला पाणी तरी पाजलं, असं म्हणत. त्याचं चुकलं होतं हे पौर्णिमाला नर्सिंगच्या वर्गात कळलं. त्या दिवसापासून ती या एका गोष्टीवर हटून बसली.

तिचे वडील बाबू सरवदे. सगळे त्यांना बाबूदादा म्हणत, आणि घरातही ते दादाच. भूकंपानंतर नवं गाव उभं राहत होतं तेव्हा ते गवंडीकाम शिकले आणि हात थकेपर्यंत करत राहिले. काम सुटल्यावर त्यांचा मुक्काम फाट्यावर, माणिकप्पाच्या चहाच्या टपरीवर. या टपरीचीही एक गोष्ट होती. ती माणिकप्पाच्या वडिलांची असताना बाबूदादांच्या वस्तीसाठी वेगळी कपबशी छपराच्या वळचणीला खोचलेली असायची. चहा पिऊन आपली आपण विसळून ठेवायची, आणि पाणी हवं असलं तर ओंजळ करायची, वरून धार पडायची. माणिकप्पाच्या हाती टपरी आली आणि त्यानं ती कपबशी उचलून उकिरड्यावर फेकली. कोणाला काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बाबूदादांना आतल्या बाकावर बसवून काचेच्या ग्लासात चहा दिला. तेव्हापासून ते दोघं सोबती होते. बाबूदादा त्याच्या चहाला रोज नावं ठेवायचे आणि रोज प्यायचे.

पौर्णिमाची मीटिंग त्या टपरीसमोर असली की बाबूदादा हटकून मागच्या बाकावर. शेजारच्याला कोपरानं ढोसून सांगायचे, “माझी पोरगी हाय.” मग आपलं ‘एक थेंबही नाही’ सगळ्यांच्या वर मोठ्यानं. “दादा, गप बसा,” पौर्णिमा भर मीटिंगमध्ये रागवायची. ते गप बसायचे आणि खूश व्हायचे.

चैत्राच्या उन्हात, भर दुपारी, त्याच फाट्यावर जीपची वाट बघत उभ्या असलेल्या बाबूदादांना एका टेम्पोनं उडवलं.

अॅम्ब्युलन्समधून फोन आला तो नेहमीसारखा. पुरुष, सत्तरीचा, पोटाला मार, नाडी क्षीण. पौर्णिमानं खाट रिकामी करवली, सर्जनसाहेबांना बोलावलं, रक्तासाठी माणूस पिटाळला. आपण कुणासाठी खाट लावतोय हे तिला माहीत नव्हतं. गाडीचं दार उघडलं तेव्हा तिला आधी पावलं दिसली. टाचांच्या भेगांत सिमेंट बसलेलं, किती घासलं तरी न गेलेलं. जीव वाटेतच गेला होता. तिनं घड्याळाकडं बघितलं, वेळ मोठ्यानं सांगितली आणि शेजारच्या सिस्टरला लिहून घ्यायला लावली. मग पुढच्या खाटेवरच्या मुलाचं सलाईन संपत आलं होतं, ते बदलायला गेली.

यकृत आतून फाटलं होतं, सर्जनसाहेब म्हणाले. दादांनी फाट्यावर पाणी मागितल्याचं त्यांना अॅम्ब्युलन्सवाल्याकडून कळलं होतं. “पाणी दिलं असतं तरी वाचले नसते, आणि दिल्यानं काही बिघडलंही नसतं.” त्यांनी हे धीर द्यायला सांगितलं असावं. पौर्णिमानं मान हलवली.

ती रडली नाही. रडू येईल म्हणून ती थांबली होती, पण ते आलं नाही. अंत्यविधी झाला, पाहुणे आले, गेले, ती ड्यूटीवर हजर झाली. समोर ठेवलेला चहा गार व्हायचा आणि ती तो गारच प्यायची. लोक म्हणाले, बाई मोठी धीराची. धीर कसला? आतलं सगळं बधिर झालं होतं, दात काढल्यावर गाल होतो तसं. हात लावला तर लागतो, पण आपला वाटत नाही.

इकडं वस्तीत दुसरंच पेटलं होतं. तिचा धाकटा भाऊ प्रसेनजित लोहाऱ्याच्या तहसील कार्यालयात कारकून. टेम्पोवाल्याला तर पोलिसांनी धरलंच होतं, पण प्रसेनजितच्या डोक्यात टेम्पो नव्हताच. अपघात झाला तेव्हा वस्तीतला एकजण टपरीवर होता, त्यानं येऊन सांगितलं होतं की दादा पाणी मागत होते, माणिकप्पाच्या हाताशी पाण्याचा माठ होता आणि त्यानं पाणी दिलं नाही.

“त्येचा बाप वरनं तरी वतत हुता,” प्रसेनजित म्हणाला. “ह्यानं तर तेबी केलं न्हाय. अजून त्यांच्या डोस्क्यातनं गेलं न्हाय, ताई. म्या ठाण्यात जानार.”

कोपऱ्यात आई, मथुराबाई, भिंतीला टेकून बसली होती. तिचं एकच चाललं होतं. “पान्यावाचून गेला माझा मानूस. आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताकडं बगून पानी प्याला आन् जाताना तेबी न्हाय.”

आता सांगायचं काय आणि कसं? माणिकप्पाला सोडवायचं तर आईच्या तोंडावर सांगावं लागणार की दादांचं पाणी मी तोडलं. एका वाक्यात मावणारी गोष्ट होती, आणि तेच एक वाक्य पौर्णिमाच्या तोंडून निघेना. बधिरपणाची एक सोय असते, माणूस गप्प बसला तरी त्याला फारसं टोचत नाही.

माणिकप्पा दवाखान्यात आला. दारातच चपला काढून उभा राहिला.

“सिस्टर, तुमी शिकिवलं तसंच केलं बगा म्या. बसवलं न्हाय, टावेल दाबून धरला. बाबूभाऊनी पानी मागितलं, म्या न्हाय दिलं. मंग त्येनी शेवटाला म्हनले…”

पौर्णिमाचा हात वर गेला. “ठीक आहे. तुम्ही बरोबर केलंत. या आता.”

तो घुटमळला. “तेवढं चार मान्सात सांगा की. तुमच्या वस्तीतलं कुनी टपरीवर येईना. आजवर कदी…”

“बघते,” ती म्हणाली. दवाखान्यातल्या ‘बघते’ला किती वजन असतं हे सगळा तालुका जाणतो. माणिकप्पानंही जाणलं आणि तो चपला घालून निघून गेला.

जलदान विधीच्या दिवशी घरापुढं मांडव घातला होता. घर बाबूदादांनीच बांधलेलं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं सतरंजीवर दाटीवाटीनं बसली होती, पुढं बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, बाजूला भंतेजी. घरच्यांनी तांब्यानं ताटातल्या वाटीत पाणी सोडायचं, ती भरून वाहू द्यायची आणि गेलेल्याच्या नावानं पुण्य द्यायचं, असा हा विधी. मथुराबाईंच्या हातात तांब्या होता.

तेवढ्यात मांडवाच्या कडेला, लिंबाखाली, माणिकप्पा येऊन उभा राहिला. ऊन रणरणत होतं. एरवी शत्रू आला तरी त्या वस्तीत पाणी विचारल्याशिवाय राहत नसत. त्या दिवशी त्याला कुणी विचारलं नाही.

प्रसेनजितनं त्याला बघितलं आणि तो उठला. “भंतेजी, माफ करा. इधी झाला की आमी ठाण्यात जानार. ज्येला यायचं त्येनं यावं. माझ्या बापाला मरताना ज्यानं पानी नाकारलं, त्यो हितं आलाय.”

माणसं वळून बघू लागली. माणिकप्पानं मान खाली घातली, पण तो हलला नाही.

पौर्णिमा उभी राहिली. तिचा आवाज फाट्यावरच्या मीटिंगमधला होता, तसाच सपाट.

“प्रसेनजित, बस खाली. पाणी द्यायचं नाही, हे मी शिकवलंय. सगळ्या रस्त्याला शिकवलंय. ओठ ओले केलेले चालतात, डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. माणिकमामांनी माझं ऐकलं. दादांना पाणी मी नाही म्हटलं.”

तिनं आईकडं बघितलं. मथुराबाई तिच्याकडं बघत होत्या, पण चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

“तू?” त्या म्हणाल्या.

“मी.”

मथुराबाईंनी हातातला तांब्या तिच्यापुढं केला. “मंग ये हितं. तूच वत.”

पौर्णिमा पुढं गेली, सतरंजीवर बसली. तांब्या हातात घेतला. भंतेजींनी सुरुवात केली आणि ती वाटीत पाणी सोडू लागली. धार जराही हलली नाही. त्याची तिला स्वतःलाच शिसारी आली.

लिंबाखालून माणिकप्पा बोलला. विधी चालू असताना बोलू नये हे त्याला कळत होतं, पण आता त्याला राहवलं नाही.

“मथुरावैनी, म्या हे सांगायाच दवाखान्यात गेल्तो. पानी आदी लई मागितलं त्येनी. म्या तोंड फिरिवलं, मला बगवना. मंग त्येनीच माजा हात धरला. म्हनले, ‘ऱ्हाऊ दे माणिक, देऊ नगंस. पोरगी रागंल.’”

भंतेजी थांबले.

“काय म्हणाले?” पौर्णिमानं विचारलं. आयुष्यात कुणाला तिनं एकच गोष्ट दोनदा सांगायला लावली नव्हती.

“देऊ नगंस म्हनले. पोरगी रागंल.”

वाटी केव्हाच भरली होती. पाणी ताटात उतरलं, ताटाच्या काठावरून सतरंजीवर आलं, पौर्णिमाच्या पांढऱ्या साडीत मुरलं. ते गार होतं, हे तिला जाणवलं. मथुराबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला, पण तांब्या सरळ केला नाही. त्यातलं पाणी संपेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या. मग मथुराबाईंनी रिकामा तांब्या प्रसेनजितच्या हातात दिला.

“भरून आन,” त्या म्हणाल्या, “आन् माणिकभाऊला दे.”