तेरवीचा फोटो

माही बायको गेली तेव्हा तिचा एकटीचा धड फोटो घरात नव्हता. आधार कार्डावरचा होता, पण त्यात ती पकडून आणलेल्या चोरासारखी दिसते. तेरवीले तो मांडायचा नव्हता मले.

मंग पोरीनं मोबाइलवर एक फोटो दाखवला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पावर हाउस म्हणतेत त्या बाजारात, एका कॅमेरावालीनं काढून नेटवर टाकलेला. तो दिवस मले पक्का आठवते. दोन्ही हातात थैल्या, म्हणून बायकोनं झेंडूचा हार गळ्यातच घातला अन् हसत चालली.

मी भर रस्त्यात खेकसलो, "काढ तो! हार मेलेल्याच्या फोटोले घालतेत."

"मंग लग्नात तुमी मले काय घातलं होतं?"

फुलवाला खो खो हसला. मले राग आला. हार ओढला, तुटला. रिसालीले घर येईपर्यंत ऑटोत ती बाहेरच पाहत राहिली.

फोटोखाली हिंदीत लिहिलं होतं, झेंडू म्हणजे जगण्याचा आनंद. मी पत्ता काढून त्या कॅमेरावालीकडे गेलो.

"पोरी, यातला हार काढून दे. तेरवीले फोटोवर हार घालावाच लागते. हारावर हार कसा दिसन?"

"बाबा, हार निकाल दिया तो फोटो में बचेगा क्या?"

"माही बायको उरन."

कंप्युटरवर बसून तिनं हार पुसला. त्याच्यासंगं मंगळसूत्रही पुसल्या गेलं. गळा कसा, तर दुकानातल्या बाहुलीचा. सवाष्ण गेलेल्या बाईचा गळा असा उघडा? म्हणलं, राहू दे, होता तसाच दे.

तेरवीले साळा हार घेऊन आला. "भाऊजी, फोटोले घालू न?"

"नको. तिनं आपल्या हातानं घातलेला आहे."

म्हातारा भ्रमला, असं त्याच्या तोंडावर दिसलं. पण साळी फोटोजवळ गेली. फोटोच्या काठावर माहा हात आला आहे, बायकोच्या खांद्याकडे निघालेला. ती डोळे पुसत सगळ्यायले दाखवू लागली, "पाहा न, भाऊजीचा किती जीव होता! गर्दीत आधार देऊन राहिले."

सगळ्यायनं माना हलवल्या. तो हात कशाले निघाला होता, ते सांगायले तोंड उघडलं मी. मंग वाढायले उठलो.