हिरामावशीने अडवलेलं पाणी

हिरामावशी शेडमध्ये आली की आधी प्रत्येक टाकीत हात बुडवायची आणि ओला हात नाकाशी न्यायची. मी प्राणिशास्त्राची पदवीधर, वर्तकनगरहून सायकलने यायचे, पाणी तपासायचे. मला तिचं हसू यायचं. पण कोळंबी आजारी पडणार हे माझ्या तपासण्यांआधी तिला कळायचं.

ठाण्याच्या खाडीकाठी, बंद पडलेल्या एका गोदामात शेठनी सिमेंटच्या टाक्या बांधून कोळंबी वाढवायला घेतली, ती नव्वद सालानंतरची गोष्ट. मावशी शेजारच्याच कोळीवाड्यातली. टाक्यांचं घाण पाणी खाडीत जायचं, त्यावर ती कुरकुरायची, "आपली घान आपल्याच ताटान कशाला?"

एका दुपारी तीन टाक्यांतली कोळंबी मेली. रोग मारायला शेठनी पाण्यात ब्लीचिंग पावडरची पोती ओतायला लावली आणि मला सांगितलं, लगेच खाडीकडचा व्हॉल्व्ह उघड. ओहोटी होती. बाहेर मावशीची सून आणि वाड्यातल्या चार बायका गुडघाभर पाण्यात मासे धरत होत्या. मला त्या दिसत होत्या, आणि क्लोरीनचं हे पाणी त्यांचे पाय भाजेल हेही ठाऊक होतं. तरी मी व्हॉल्व्हचं चाक धरलं. घरात मी एकटीच कमावती होते.

मावशीने माझ्या हातावर हात ठेवला. "खारीन सोरू नको, पोरी. सून हाय तिथं."

शेठनी दोघींना काढून टाकायची धमकी दिली, पोलिसांचं नाव घेतलं, वॉचमनला बोलावलं. मावशी व्हॉल्व्हला पाठ लावून खाली बसली. तिचे दात वाजत होते. मी चाक सोडलं आणि तिच्याशेजारी बसले. वॉचमन दारापर्यंत आला, आम्हाला बघून तिथेच थांबला.

वाट मावशीनेच सुचवली. मागच्या पडीक मिठागरात पंपाने पाणी घ्या, उन्हात वास मरेपर्यंत राहू द्या. टाक्या रिकाम्या होणार म्हटल्यावर शेठनी पंप लावायला सांगितलं. काही दिवसांनी मी पाणी तपासलं, तेव्हा त्यात क्लोरीन उरलं नव्हतं. पुढे मावशीने तिथे शिंपल्यांतली कालवं सोडली. ती पाण्यातली घाण गाळून खातात. निवळलेलं पाणी आम्ही पुन्हा टाक्यांत घेऊ लागलो.

काही वर्षांनी मावशी अंथरुणाला खिळली. शेवटची भेटायला गेले तेव्हा मी विचारलं, त्या दिवशी एवढा धीर कुठून आणलास?

"धीर कसला? पार भ्यालेली मी," ती म्हणाली. "पन वारा उलटा होता. हाक मारली असती, तरी सुनंला ऐकू गेली नसती."