नेमूने सोडलेला विंचूमासा

नेमगोंडा गेल्याचं मला बेळगावच्या कोर्टाच्या आवारात कळलं. निपाणीहून तंबाखूच्या दाव्यासाठी आलेला एक पक्षकार कागद हातात देता देता म्हणाला, "वकीलसाहेब, तुमचं दोस्त मास्तर गावाकडं आलतं, तितंच गेलं की हो. विषमज्वर झालता." देश स्वतंत्र व्हायच्या तोंडावर, चाळिशीही न गाठता माझा मित्र गेला, आणि मी तो दावा तसाच चालवला. काय बोललो ते आठवत नाही... त्यालाही आता महिना उलटला. नेमूविषयी लिहायचं म्हणजे एका माशाविषयी लिहावं लागणार, आणि हा माणूस तर कांदासुद्धा खात नव्हता.

मी बेळगुंदीच्या शेतकऱ्याचा मुलगा, मिळेल तो मासा मिटक्या मारत खाणारा. तो निपाणीच्या जैन घरातला, दिवस मावळायच्या आत जेवून मोकळा होणारा. पुण्यात आम्ही एका खोलीत राहिलो, आणि या गृहस्थाने एम.एस्सी.ला निवडले मासे. मी चेष्टा केली की म्हणायचा, "तू खातोस, मी बघतो. दोघांचंबी पोट भरतंय न्हवं?" घरून निघताना त्याने बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, देवासमोर आईला शब्द दिला होता की, आपल्या हाताने जीव मारणार नाही. त्याच्या आईला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. कॉलेजात चिरायला येणारे मासे आधीच मेलेले असत, त्यामुळे शेवटच्या वर्षापर्यंत या शब्दाला धक्का लागायची वेळ आली नाही.

प्रबंधासाठी त्याने विंचूमासे घेतले. बोटभर लांबीचे, खडकाला चिकटून बसणारे, शेवाळात मिसळून जाणारे लालसर मासे, आणि पाठीवर विषारी काटे. त्यातलं एक लहानसं कूळ त्याला हवं होतं. बाकीच्या भाऊबंदांच्या पाठीवर बहुधा बारा काटे, याच्या तेरा. एका काट्यासाठी हा पठ्ठ्या सुट्टीत मला ओढत मालवणला घेऊन गेला. मच्छीमार जाळ्यातून असले मासे काढून वाळूत फेकत, ते सगळे बारा काट्यांचे निघाले. अखेर एकदा ओहोटीला, खडकातल्या डबक्यात, तेरा काट्यांचा सापडला. पण तो जिवंत होता.

प्राध्यापकांचा हुकूम सरळ होता. मासा स्पिरिटच्या बाटलीत घालून आणा आणि पदवी घेऊन जा. नेमूने तो समुद्राच्या पाण्याने भरलेल्या घमेल्यात ठेवला आणि शेजारी पालथा पडून त्याचं चित्र काढायला लागला. माशाला भूक लागली असेल म्हणून त्याने आधी भाताची शितं टाकली, मग भिजवलेली हरभऱ्याची डाळ. मी हसून हसून लोळलो. मासा ढिम्म हलला नाही. त्याला जिवंत कोळंबी लागते, असं आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाईने सांगितलं आणि नेमूचा चेहरा उतरला. मासा जगवायचा तर कोळंबीचा जीव जाणार. मी वकिलीच्या वर्गात बसत होतो, तेव्हा लगेच तोड काढली. म्हटलं, तू काही करू नकोस, नुसता थांब. उपाशी राहून आपोआप मरेल, तुझा शब्दही राहील आणि पदवीही मिळेल. तो बराच वेळ घमेल्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "यल्लू, वाट बघून मारलं तरी मारलंच की रं."

चित्र पुरं झालं तशी त्याने घमेलं उचललं आणि त्याच डबक्यापाशी नेऊन तिरकं केलं. मासा कडेला चिकटून बसला, काही केल्या उतरेना. नेमूने बोटाने हळूच ढकलला, आणि त्याने डंख मारला. एवढा गडी वाळूत बसून विव्हळायला लागला. घरच्या बाईने सोसेल तेवढ्या कढत पाण्यात त्याचा हात धरून ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि मला विचारतोय, "गेला न्हवं त्यो पाण्यात?"

प्राध्यापकांनी चित्र परत केलं. चित्र म्हणजे मासा नव्हे, म्हणाले. पदवी गेली. मी तेव्हा त्याच्यावर भयंकर चिडलो होतो. आज मात्र सांगतो, माझ्या मित्रासारखा अभ्यासक मी दुसरा पाहिला नाही, आणि त्या घमेल्याशेजारी मी बसलो होतो याचा मला अभिमान आहे. पुढे तो बेळगावात शास्त्र शिकवायचा. मुलांना कणकुंबीच्या ओढ्यावर नेऊन काठावर पालथं पाडायचा आणि बजावायचा, "धरायचं न्हाय. निस्तं बघायचं." ते चित्र त्याच्या खोलीत टेबलाच्या वर भिंतीला लावलेलं असे. पदवीविषयी तो कधी हळहळला नाही. आक्कांनी ते चित्र एकदा बघावं, एवढंच त्याला फार वाटे. तो ते निपाणीला न्यायचा, पण माशाचं चित्र घरात नको, म्हणून त्यांनी त्याची गुंडाळीसुद्धा कधी उलगडू दिली नाही.

गेल्या आठवड्यात त्याची खोली रिकामी केली आणि चित्र पिशवीत घालून मी निपाणीला गेलो. काढावं की नको, ठरत नव्हतं. आक्का दारालगतच्या सोप्यात बसल्या होत्या. पिशवीतून डोकावणारी गुंडाळी बघून म्हणाल्या, "त्यानं सोडलं, ते लई बरं केलं. पण जित्या जिवाला धरलंच कशाला, असं मी इचारलं तर गप बसला. पुन्यांदा बोललाच न्हाय त्यावर. तू हुतास न्हवं तितं? तू सांग."

इतकी वर्षं वकिली केली, पण मला असं साक्षीला उभं कुणी केलं नव्हतं. मी म्हणालो, "बघायला, आक्का. दुसरं काय न्हाय, बघायला."

त्यांनी पदराने हात पुसले आणि पुढे केले. "मग आण हिकडं."

चित्र मांडीवर घेऊन त्या दाराच्या उजेडाकडे सरकल्या. शेपटीपासून बोट फिरवत फिरवत सावकाश वर आल्या. पाठीवरच्या काट्यांपाशी पोचल्यावर मात्र त्यांनी बोट उचललं आणि वरच्या वर पुढे नेलं.