बंद पेठेतली मोजणी

आज सोमवार, आमच्या पेठेच्या सुट्टीचा दिवस. दुकानांची शटरं खाली, चौक रिकामा. आणि नेमका आजच एक माणूस भर रस्त्यात प्लास्टिकची खुर्ची टाकून गाड्या मोजायला बसलाय.

चौकामागची जुनी गिरणी पाडून तिथे मॉल उभा करायचाय. जमीन व्यापारी वापराला देण्याआधी रहदारीवर काय परिणाम होईल ते पाहावं लागतं म्हणे. मी खाली जाऊन म्हटलं, "अहो, आज पेठ बंद असते. उद्या या."

तो हसला. "साहेबांनी आजचाच दिवस दिलाय, ताई. गर्दीत मोजणी नीट होत नाही."

माझं डोकंच फिरलं. घरातली सगळी लग्नाला गेलेली बघून कुणीतरी आत शिरावं आणि म्हणावं, केवढं मोकळं घर आहे, आणखी चार बिऱ्हाडं सहज मावतील! शहर झोपलं की हे लोक त्याची नाडी बघायला येतात. ते धापा टाकत असतं तेव्हा यांच्यातला एकही फिरकत नाही.

गेल्या महिन्यात, ऐन बाजाराच्या वेळी, शेजारच्या काकांच्या छातीत कळ आली. अ‍ॅम्ब्युलन्स चौकापलीकडे अडकली आणि नुसता भोंगा वाजवत राहिली. शेवटी आम्ही काकांना खुर्चीत बसवलं आणि टेम्पो-रिक्षांच्या फटींतून उचलून नेलं. अ‍ॅम्ब्युलन्सपाशी पोचलो तेव्हा काका गेलेले होते.

तो अजून मोजतोय, मजेत पाय पसरून. त्याची खुर्ची बरोबर त्याच जागी आहे, जिथे त्या दिवशी आमची खुर्ची पुढे सरकत नव्हती.