शेवंतीची पाटी

विश्रांतवाडीतल्या त्या घराची गच्चीवरची खोली भाड्यानं मागायला गेलो, तेव्हा बाई अंगणात उकिडव्या बसून कसल्याशा पानाचा वास घेत होत्या. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर मान वर न करता म्हणाल्या, "राहू द्या. टिकलात तर कळेलच." मी टिकलो. पण नाव त्यांनी विचारलं नाही ते नाहीच. गाव कळल्यावर मी त्यांच्यासाठी कायमचा "अहो अकोला" झालो.

बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. यजमान गेलेले, लेक पुण्याच्याच दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात, संसारात. अंगणात स्वतः लावलेली अशी एक तुळस. बाकी सगळं आपसूक उगवलेलं. ओळखीचं नसलेलं रोप दिसलं की बाई त्याच्याशेजारी एक काडी रोवत. काडी म्हणजे चौकशी चालू आहे, कुणी उपटू नये. मग पान चुरून वास, देठ मोडून चीक निघतो का ते पाहणं, दांडा बोटांत फिरवून बघणं. "चौकोनी लागला की समजावं, तुळशीच्या माहेरचा." तरी घाईनं नाव ठेवायचं नाही. "पहिल्याच दिवशी नाव विचारलं की पोर बुजतं. फूल येऊ द्या, आपण होऊन सांगेल."

मी तेव्हा खराडीत सॉफ्टवेअरमध्ये होतो, म्हणजे आपल्याला सगळं येतं अशा समजुतीत होतो. गच्चीवरच्या कुंडीत नक्षीदार पानांचं एक रोप उगवलं. मी ती शेवंती ठरवून टाकली. पावसाळाभर खत घातलं, बारीक पांढरी फुलं आल्यावर बाईंना मानानं वर बोलावलं. बाई धापा टाकत जिना चढल्या, फुलांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "छान. हार करून गळ्यात घाला, आणि तसेच त्वचेच्या डॉक्टरांकडे जा." ते गाजरगवत होतं. रस्त्याकडेला माजलेलं, अंगाला खाज आणणारं ते तण अख्ख्या पुण्यात खत घालून वाढवणारा मी एकटाच असेन. त्यानंतर घरी कुणीही आलं की बाई मला खाली बोलावून ओळख करून देत, "हे आमचे शेवंतीवाले."

पुढे नावंच बाईंना सोडून जायला लागली. आधी केना गेला. "ते हो, ज्याची भजी करतो ते." मग आघाडा. मग सकाळी भेटून गेलेली माणसं. अंगणातल्या काड्या वाढत चालल्या. वर्षानुवर्षं ओळखीच्या रोपांशेजारीही काडी दिसू लागली. लेक, सुनंदाताई, त्यांना आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी न्यायचं म्हणत होत्या. बाई ऐकेनात. "तिथे आपसूक काय उगवणार? फरशी?"

बाई इथेच राहाव्यात म्हणून मी डोकं चालवलं. प्लास्टिकच्या झाकणांच्या पाट्या कापल्या, शेजाऱ्यांना विचारून नावं लिहिली आणि रोपारोपाशी खोचली. फाटकाजवळ गाजरगवत उगवलं होतं. त्याच्या पाटीवर मात्र मुद्दाम लिहिलं: शेवंती. बाई वाचतील, मला चार शब्द ऐकवतील, आई अजून आहे तशी आहे हे ताईंनाही दिसेल, असा माझा हिशेब.

रविवारी ताई आल्या. बाई एकेका पाटीशी थांबत फाटकापर्यंत पोचल्या. वाचलं. मी टोमणा झेलायला तयार होऊन उभा. बाई वाकल्या, ती फुलं खुडून त्यांनी ओंजळीत घेतली.

"शेवंती यंदा बारीकच आली," म्हणाल्या, आणि देवाला वाहायला आत निघाल्या.

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मी पुढे होऊन बाईंच्या हातातली फुलं काढून घेतली आणि त्यांचे हात नळाखाली धरले. नंतर कुणी वाद घातला नाही. बाई मांजरीला गेल्या.

दिवाळीनंतर भेटायला गेलो. बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. ताई म्हणाल्या, "आई, हे कोण, ओळखलंस का? नाव सांग बरं यांचं."

बाईंनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. माझा हात हातात घेतला, मनगट बोटांत जरासं फिरवून पाहिलं, दांडा पाहत तसं. मग लेकीलाच दटावलं.

"पहिल्याच दिवशी नाव काय विचारतेस गं? बुजेल तो. बसू दे त्याला."

मी बसलो.