वत्सलाअक्का आणि लव्हाळ्याच्या बिया

डॉ. वत्सलाअक्कांची आणि माझी पहिली भेट मातीच्या बादलीपाशी झाली. साताऱ्याहून संशोधनासाठी मी नुकतीच बंगळुरूला आले होते. अक्कांचे मराठी घराणे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात कानडी शब्द सहज येत. नदीकाठच्या एका प्राचीन वस्तीच्या उत्खननातून आलेली माती पाण्यात सोडत त्या म्हणाल्या, "स्वल्प हळू ढवळ. जळलेलं बी हलकं असतं, आपणहून वर येतं." चाळणीवरचे काळे कण त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. अशा कणांवरून हजारो वर्षांपूर्वीचा नदीकाठ उभा करायचा, हे त्यांचे आयुष्यभराचे काम.

त्या प्राचीन वस्तीतल्या चुलींमध्ये अक्कांना बाभळीचा आणि बोरीचा कोळसा सापडला होता. त्यावरून तिथला नदीकाठ कोरडा, काटेरी झुडपांचा असावा, असे त्यांनी आपल्या ग्रंथात मांडले आणि ते सर्वमान्य झाले. माझ्या वाट्याला काठाजवळच्या खड्ड्यातली काळी चिकणमाती आली. तिच्यात लव्हाळ्याच्या बिया निघाल्या, त्याही शेकड्यांनी. म्हणजे तिथे दलदल होती!

आठवडाभर मी गप्प राहिले. गुरूंचे म्हणणे खोडायचे कसे? शेवटी अक्कांनीच विचारले, "काय लपवतेस गं?" मी बियांची डबी पुढे केली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांनी एकेक बी तपासले.

"सरी, तुझं बरोबर आहे. चूक माझी," त्या म्हणाल्या. "सरपण लोकांनी लांबच्या माळावरून आणलं, आणि मी चुलीलाच नदीकाठ समजले."

"अक्का, हे छापायचं?"

"तुझ्या नावानं छापायचं. चूक कुणाची, ते सांगताना माझं नाव घाल."

पुढे एका परिषदेत एका ज्येष्ठ अभ्यासकांनी मला मध्येच थांबवले, "तुमच्या बाईंचा ग्रंथ वाचला नाही वाटतं?" पहिल्या रांगेतून अक्का उठल्या. "तो ग्रंथ मीच लिहिलाय. त्यातलं ते प्रकरण आजपासून रद्द समजा. मुलीला बोलू द्या." मी बोलले. त्या संध्याकाळी अक्कांनी मला घरी नेऊन जेवू घातले, आणि वाढता वाढता माझ्या मांडणीतल्या तीन चुकाही दाखवल्या.

आज अक्का पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. सर्जापूर रोडच्या रहदारीला नावे ठेवत, पण वेळेवर, त्या अजूनही प्रयोगशाळेत येतात. रद्द केलेले प्रकरण त्या सध्या नव्याने लिहीत आहेत. ते त्यांच्या मनासारखे होवो. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, गुडघे त्यांना साथ देवोत. आम्हा शिष्यांच्या हातून अजून पुष्कळ चुका व्हायच्या आहेत. त्या दाखवायला अक्का आम्हाला खूप खूप वर्षे हव्यात.